मुलाच्या नावावर केलेली सही



ज्या गुरुजींच्या स्मृतीत ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी चौथीपर्यंत शिकले. हजेरी घेताना ते नुसतं नाव पुकारत नसत, नावापाठोपाठ गावही पुकारत. खानवेल. रांधा. नरोली. दुधनी. आपलं नाव आणि आपलं गाव एका दमात ऐकलं की आम्हां मुलांना बरं वाटायचं. कुणीतरी आपल्याला नीट ओळखतं, असं ते बरं वाटणं होतं.

आज मी बोलणार आहे ते नावापुढे गाव नाही, देश लिहायची वेळ येते तेव्हा मुलांचं काय होतं याबद्दल. गेली तीस वर्षं मी या भागात वकिली करते. माझ्या टेबलासमोर बसणारे आईवडील पूर्वी जमिनीच्या हद्दी घेऊन यायचे, आता पासपोर्ट घेऊन येतात. आणि एकच प्रश्न विचारतात: "मॅडम, पोराचा पासपोर्ट कुठला काढायचा?" जणू दुकानात दोन रंगांची कापडं ठेवली आहेत आणि त्यातलं एक उचलायचं आहे. त्यांची चूक नाही. त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नाही. म्हणून आज हा विषय.

पण सुरुवात इथल्या मातीपासून करावी लागेल. परवाच आपण मुक्तिदिन साजरा केला. झेंडा लागला, भाषणं झाली. त्या भाषणांतून एक गोष्ट सहसा सुटते, ती आज सांगते.

आपला हा दादरा-नगर हवेलीचा मुलूख एका सहीने गेला आणि एका सहीने आला. पेशव्यांनी पोर्तुगीजांशी १७७९ मध्ये तह केला आणि त्यापोटी नगर हवेलीची गावं १७८३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. दादरा त्यांनी १७८५ मध्ये विकत घेतलं. सनदा झाल्या, शिक्के उमटले. वारली, कोकणा, धोडिया या इथल्या माणसांना कुणी विचारलं? कुणीच नाही. पुढे १८८५ मध्ये आपल्या या सेलवासला, म्हणजे आजच्या सिल्वासाला, पोर्तुगालमधल्या एका गावाचं नाव मिळालं, विला द पासो द आर्कुश. बोलताना लोक सेलवासच म्हणत राहिले. कागदावरचं नाव वेगळं आणि तोंडातलं वेगळं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आजही जुना जन्माचा उतारा काढायला गेलेल्या माणसाला वाटेत हे नाव भेटतं आणि तो गोंधळतो.

मग १९५४ उजाडलं. २१-२२ जुलैला युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या फ्रान्सिस मास्कारेन्हस आणि त्यांच्या साथीदारांनी दादरा मोकळं केलं. पाठोपाठ नरोली. २ ऑगस्टला सिल्वासा. आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे आणि प्रभाकर सिनारी, पुण्या-मुंबईकडून आलेले राजा वाकणकर आणि नाना काजरेकर यांच्यासारखे स्वयंसेवक, आणि हो, आपले सुधीर फडके. ज्यांची गाणी आपण रेडिओवर ऐकत मोठे झालो, ते बाबूजी या भूमीच्या मुक्तीसाठी इथे आले होते. ११ ऑगस्टला पोर्तुगीजांच्या कॅप्टन फिदाल्गोने शरणागती पत्करली.

आणि त्यानंतर काय? इथेच ती सुटणारी गोष्ट आहे. हा भाग लगेच भारतात आला नाही. १९५४ ते १९६१ अशी सात वर्षं इथे वरिष्ठ पंचायतीचा कारभार होता. पोर्तुगीज टपालाच्या तिकिटांवर मुक्त प्रदेशाचा छाप मारून ती वापरली जात होती. विचार करा, १९५६ साली रखोलीत जन्मलेलं मूल कोणत्या देशाचं? पोर्तुगाल म्हणत होतं, आमचं. भारताचा कायदा अजून इथे पोचलेला नव्हता. शेजारी वापीला बाजाराला जाणाऱ्या आईच्या पाठीवरचं ते मूल तांत्रिकदृष्ट्या परक्या मुलखात चाललं होतं!

पोर्तुगाल गप्प बसलं नाही. १९५५ च्या डिसेंबरात ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. मागणी कसली होती? रस्त्याची. दमणहून दादरा-नगर हवेलीला जायचं तर मधे भारताची जमीन लागते, ती ओलांडायचा आम्हाला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. भारताची बाजू महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली आणि भारताच्या वतीने तात्पुरते न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले एम. सी. छागला बसले. निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. मला या निकालातलं सगळ्यांत विलक्षण काय वाटतं सांगू? हेगच्या त्या दिवाणखान्यात जगभरच्या न्यायाधीशांनी आपल्या मराठी शब्दाची उकल केली. सरंजाम! मराठ्यांनी दिला तो महसुलाचा सरंजाम होता की राज्यच दिलं, यावर खल झाला. मराठ्यांनी महसूल दिला होता, सार्वभौमत्व नाही, असं न्यायालयाने ठरवलं. पुढे इंग्रजांनी मात्र पोर्तुगीजांचा ताबा मान्य केला. आणि रस्त्याबद्दल? खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती. सैन्याला, सशस्त्र पोलिसांना आणि हत्यारांना नव्हती. भारताने ती वाट अडवली त्यात भारताने आपलं कर्तव्य मोडलं नाही, असंही न्यायालय म्हणालं.

म्हणजे बघा, आपल्या या छोट्या मुलखावरून जगाच्या न्यायालयात जो खटला गाजला, तो मुळात प्रवासाच्या हक्काचा खटला होता. कोण, कुठल्या कागदावर, कुणाच्या हद्दीतून जाऊ शकतो? सत्तर वर्षांनी माझ्या टेबलापुढे बसलेली आई हाच प्रश्न विचारते. फक्त तिच्या मांडीवर मूल असतं.

शेवटी ११ ऑगस्ट १९६१. के. जी. बडलानी नावाचे आयएएस अधिकारी एका दिवसापुरते या मुक्त प्रदेशाचे प्रमुख झाले, विलीनीकरणाच्या करारावर त्यांनी सही केली आणि दादरा-नगर हवेली भारतात आली. पुढच्याच वर्षी नागरिकत्वाचा आदेश निघाला. ११ ऑगस्ट १९६१ पूर्वी जो इथे जन्मला, किंवा ज्याचे आईवडील अथवा आजीआजोबा इथे जन्मले, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक. माझी आजी झोपली तेव्हा कुणाची होती आणि उठली तेव्हा कुणाची झाली, हे तिला कधी कळलंही नसेल. तिच्या वतीने कुणीतरी सही केली होती. ती सही योग्य होती, मी त्याबद्दल मनापासून कृतज्ञ आहे. पण तिच्या वतीने केली होती, हे खरंच.

आज माझं सगळं बोलणं या दोन शब्दांभोवती आहे. "तिच्या वतीने." मुलाच्या वतीने.

आता गोव्याकडे वळू, कारण तिथे माणसांना एकदा विचारलं गेलं. १९६२ च्या मार्चमध्ये गोवा, दमण आणि दीवसाठी असाच आदेश निघाला, पण त्यात एक सवलत होती. महिन्याभरात लेखी कळवा की मला माझं पूर्वीचं नागरिकत्व ठेवायचं आहे, आणि ते राहील. फादर मॉन्तेरो नावाच्या धर्मगुरूंनी तसं कळवलं. ते पोर्तुगीज राहिले. राहिले कुठे? गोव्यातच. ठरावीक मुदतीचा परवाना मिळाला, तो संपला, त्यांनी नवा मागितला नाही आणि परकीयांच्या कायद्याखाली खटला झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६९ मध्ये न्यायालय म्हणालं, तुम्ही परदेशी असणं निवडलंत, तर परदेशी म्हणून राहण्याचा परवाना घ्यावाच लागेल.

यातून शिकायचं ते एवढंच. नागरिकत्व ही एक गोष्ट आणि राहण्याचा हक्क ही दुसरी. ज्या घरात तुम्ही जन्मलात, त्याच घरात राहायला परवाना लागू शकतो. फादरांनी निदान स्वतः निवडलं होतं, प्रौढ वयात, समजून. आपल्या मुलांचं काय?

पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, सालाझारने उभी केलेली हुकूमशाही कोसळल्यावर. पण माणसांवरचा दावा त्यांनी सोडला नाही, आणि तो दावा आपल्या लोकांना उपकारक वाटला. पोर्तुगीज राजवटीत इथे जन्मलेल्या माणसाला लिस्बन आपला नागरिक मानतं. त्याचं मूल परदेशात जन्मलं तरी १९८१ च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे लिस्बनच्या नोंदणीत जन्म चढवला की ते पोर्तुगीज. मग त्याचं मूल. साखळी चालू राहते. पोर्तुगाल युरोपीय संघात असल्याने तो पासपोर्ट घेऊन इंग्लंडात कामाला जाता यायचं. दमण-दीवची घरंच्या घरं लेस्टरला गेली, गोव्याची स्विंडनला, साउथॉलला. इथलीही गेली. पोट भरायला गेली, मुलांना शिकवायला गेली. त्यांना मी नावं ठेवणार नाही, कुणी ठेवूही नये.

भारताचा कायदा मात्र एकच नागरिकत्व मानतो. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवला, तर ते नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा. "स्वेच्छेने" हा शब्द नीट ऐका. तीन वर्षांच्या पोराची स्वेच्छा कुठली?

आता मी तुमच्यापुढे एक घर उभं करते. हे कुठलंही एक खरं घर नाही. तीस वर्षांत पाहिलेल्या अनेक घरांचे वासे घेऊन मी ते बांधलं आहे. कुणी आपलं म्हणून रागावू नये.

या घरातल्या दोघांचेही आजोबा पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले. पहिली मुलगी २००९ मध्ये सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात जन्मली. त्या वेळी आईवडील दोघेही भारतीय, मुलगी जन्माने भारतीय. २०१२ मध्ये वडिलांनी लिस्बनमध्ये नोंद केली, पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, लेस्टरला गेले. पाठोपाठ बायको-मुलीला नेलं. व्हिसा सोपा जावा म्हणून मुलीचीही नोंद केली, तिचाही पासपोर्ट काढला. जुना भारतीय पासपोर्ट? तो ट्रंकेत. कधी लागला तर असू दे.

दुसरा मुलगा २०१६ मध्ये लेस्टरला जन्मला. वडील पोर्तुगीज, आई अजून भारतीय. हा कुणाचा? वडिलांकडून पोर्तुगीज होऊ शकतो. इंग्लंडात जन्मला म्हणून आपोआप ब्रिटिश होत नाही. १९८१ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे जन्माच्या वेळी आई किंवा वडील ब्रिटिश अथवा तिथे स्थायिक ठरलेले असावे लागतात, आणि यांना तिथे चारच वर्षं झाली होती. आईकडून भारतीय होऊ शकला असता, पण त्यासाठी वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करायची आणि या बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. वर्ष उलटलं. तीन देशांची दारं समोर असलेलं बाळ, आणि ज्या दारावर आईचं नाव होतं ते नकळत लोटून घेतलं गेलं.

मग आईनेही आपल्या आजोबांच्या साखळीने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला. ब्रेक्झिट झालं. ३१ डिसेंबर २०२० ला मोकळं येणंजाणं संपलं, आधीपासून राहणाऱ्यांनी हक्क टिकवण्यासाठी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा होता. काहींनी केला, काही गोंधळले. हे कुटुंब सासऱ्यांच्या आजारपणात परत आलं आणि तिसरी मुलगी २०२२ मध्ये जन्मली. कुठे? ज्या सरकारी दवाखान्यात पहिली जन्मली, तिथेच. त्याच दाईच्या हातात, कदाचित.

थोरली जन्माने भारतीय होती. आणि ही? डिसेंबर २००४ पासूनचा कायदा सांगतो की भारतात जन्मलेलं मूल भारतीय ठरायला आईवडिलांपैकी एक तरी भारतीय हवा आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. इथे दोघेही परदेशी. म्हणजे सिल्वासात जन्मलेली, आजोबांच्या ओटीवर रांगणारी ही पोर भारतीय नाही. तिला या घरात राहायचं तर परदेशी पासपोर्ट हवा, आणि त्यावर व्हिसा किंवा ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड.

मी हे घर सांगते तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव मला पाठ झाला आहे. "पण मॅडम, ती इथलीच ना?" होय, इथलीच. गुरुजींनी तिचं नाव गावासकट पुकारलं असतं. कायदा तसं पुकारत नाही.

ओसीआयबद्दल जरा थांबून सांगते, कारण या घराला आधार आहे तो त्याचाच. २००५ च्या दुरुस्तीने ते आलं. त्या कलमात एक पोटकलम आहे, ते वाचताना मला नेहमी आपला मुलूख दिसतो: १५ ऑगस्ट १९४७ नंतर जो प्रदेश भारताचा भाग झाला, तिथले लोक आणि त्यांची संतती यांना हे कार्ड मिळू शकतं. दादरा, नगर हवेली, गोवा, दमण, दीव. संसदेने आपली आठवण ठेवली. या कार्डावर आयुष्यभर येता येतं, कितीही दिवस राहता येतं, परदेशी म्हणून पोलिसांत नोंद करावी लागत नाही. मतदान करता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तर गोष्ट वेगळी. लहान मुलाचा पासपोर्ट नवा झाला की त्याची प्रत आणि नवा फोटो ओसीआयच्या नोंदीत चढवावा लागतो, आणि विसाव्या वर्षानंतर एकदा कार्ड नव्याने करून घ्यावं लागतं. साध्या गोष्टी आहेत. पण मुंबई विमानतळावर रात्री दोन वाजता त्या साध्या राहत नाहीत.

आणि शिक्षण? ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय मुलांना नीट-जेईईसारख्या परीक्षांतून अनिवासी भारतीयांच्या जागाच मिळतात. त्या तारखेपूर्वी ज्यांचं कार्ड होतं त्यांना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिलासा दिला. त्यानंतरच्यांना नाही. तुमची मुलगी इथल्या मेडिकल कॉलेजात डॉक्टर व्हावी असं स्वप्न असेल, तर हे स्वप्न पाहायच्या आधी माहीत असायला हवं. बारावीच्या निकालानंतर कळून उपयोग काय?

ट्रंकेतल्या त्या जुन्या पासपोर्टकडे परत येते. ओसीआयचा अर्ज करताना भारतीय पासपोर्ट परत केल्याचा दाखला लागतो. थोरलीचा पासपोर्ट परत केलाच नव्हता. काही आईबाप तर लिस्बनमध्ये नोंद झाल्यावरही भारतीय पासपोर्टवर प्रवास करत राहतात, नूतनीकरणही करून घेतात. लिस्बनची तारीख आधीची, भारतीय पासपोर्टचा वापर नंतरचा. मग पासपोर्ट कचेरी म्हणते, तुम्ही माहिती दडवलीत. पासपोर्ट परत घेतला जात नाही, रद्द केला जातो. आणि रद्द झालेल्याला परत केल्याचा दाखला मिळत नाही. गोव्यात गेल्या काही वर्षांत कितीतरी माणसं या भोवऱ्यात अडकली आणि प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. मोठी माणसं अडकली तर ती धावपळ करतात. पण ज्या मुलीने आयुष्यात कधी कुठली माहिती दडवली नाही, तिच्या नावावर "माहिती दडवली" असं लिहिलं जातं. हे मला सोसवत नाही.

दमलात का? पाऊस थांबेपर्यंत तरी बसा. आतापर्यंत काय झालं? मुलखाचा इतिहास पाहिला, तिथे माणसांच्या वतीने सह्या झाल्या. मग घर पाहिलं, तिथे मुलांच्या वतीने सह्या झाल्या. आता मी मुद्द्याला येते, ज्यासाठी मी गुरुजींच्या नावाच्या या मंचावर उभी राहायला होकार दिला.

आपल्या कायद्यात एक सुंदर तरतूद आहे. कलम ८. एखाद्या प्रौढ भारतीयाने रीतसर घोषणा करून नागरिकत्वाचा त्याग केला, तर त्याच्या अज्ञान मुलांचंही नागरिकत्व जातं. पण मूल अठरा वर्षांचं झालं की एका वर्षाच्या आत ते सांगू शकतं, मला माझं भारतीय नागरिकत्व परत हवं आहे. आणि ते मिळतं. किती समंजस कायदा! आईबापांनी केलेली सही मुलाला स्वतःच्या हाताने तपासता येते.

पण आपल्या घरांतून असं कुणी रीतसर घोषणा करून जात नाही. आपली माणसं आधी तिकडचा पासपोर्ट घेतात, आणि नागरिकत्व जातं ते कलम ९ खाली, आपोआप. मग त्यांच्या मुलांना अठराव्या वर्षीचं ते दार आहे का? ऑक्टोबर २०२४ मध्ये हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आईवडिलांनी सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं तेव्हा हा मुलगा आईच्या पोटात होता. अठरा पूर्ण झाल्यावर त्याने भारताचं नागरिकत्व मागितलं. मद्रास उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. हे दार फक्त कलम ८ च्या घोषणेने गेलेल्यांच्या मुलांसाठी आहे. कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत, न्यायालय त्यात आपल्या मनाचं काही घालू शकत नाही.

न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणत नाही. शब्द तसेच आहेत. पण शब्द कुणी बदलू शकतं? संसद. आणि म्हणून मी हे सिल्वासातून म्हणते आहे, जिथून खासदार निवडून जातो. कलम ८ मधलं ते एक वर्ष कलम ९ च्या मुलांनाही द्या. दोन नागरिकत्वं द्या असं मी म्हणत नाही. तो मोठा वाद आहे, त्यात सुरक्षेचे प्रश्न आहेत. मी एवढंच म्हणते की ज्या मुलाच्या वतीने त्याच्या अजाणपणी सही झाली, त्याला अठराव्या वर्षी एकदा, फक्त एकदा, विचारा. तिकडचं सोडून इकडचं घ्यायला तो तयार आहे का? असेल तर दार उघडा. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला आहे. मुलाला राष्ट्रीयत्व मिळवण्याचा हक्क आहे, आपली ओळख टिकवण्याचा हक्क आहे, असं त्यात आपण मान्य केलेलं आहे. गोव्याच्या माणसांना १९६२ मध्ये एक महिना मिळाला होता. या मुलांना एक वर्ष मिळालं तर काय बिघडेल?

आणखी एक गोष्ट, थोडक्यात सांगते कारण ती दुखरी आहे. नवराबायको वेगळे होतात तेव्हा मुलाचा पासपोर्ट हत्यार होतो. इकडे अज्ञान मुलाच्या पासपोर्टला आईवडील दोघांची संमती मागतात, ती नसेल तर कारण देऊन वेगळं घोषणापत्र. बाप लेस्टरला, आई इथे, संमती अडकलेली. किंवा उलट, एकाने दुसऱ्याला न सांगता मुलाला विमानात बसवलेलं. अशा मुलाला परत पाठवण्याबद्दलचा १९८० चा हेगचा करार आहे, भारत त्यात सामील नाही. मग दोन देशांतल्या दोन न्यायालयांचे दोन हुकूम. अशा खटल्यात मी एकदा एका आठ वर्षांच्या मुलाला विचारलं होतं, तुला कुठे राहायचं आहे? तो म्हणाला, "जिथे दोघं असतील तिथे." न्यायालयात ते वाक्य कुठे लिहायचं हे मला कळलं नाही. त्या दिवशी मी घरी आले आणि जेवले नाही.

आता आईबापांशी दोन शब्द. सहीच्या आधीचे.

लिस्बनला अर्ज पाठवायच्या आधी घरातल्या प्रत्येक मुलाचं वेगळं बघा. थोरल्याचं जे, ते धाकट्याचं नसतं. ते घर तुम्ही आत्ताच पाहिलंत. एजंट म्हणतो, "सगळ्यांचं एकदम करून टाकू." करू नका. एजंटाला तुमच्या मुलीचं अठरावं वर्ष दिसत नाही. तिकडे बाळ जन्मलं आणि आई-वडिलांपैकी कुणी एक अजून भारतीय असेल, तर वर्षाच्या आत वकिलातीत जाऊन विचारा. नोंदवायचं की नाही ते नंतर ठरवा, पण वर्ष जाऊ देऊ नका. तिकडचा पासपोर्ट हाती आला त्या दिवसापासून भारतीय पासपोर्ट वापरू नका, तो परत करा आणि दाखला घ्या. जन्मदाखला इथेच नीट काढून ठेवा; १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तर आता पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. नावांची स्पेलिंगं जुळवा. पोर्तुगीज उताऱ्यात आजोबांचं नाव एक, रेशनकार्डावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. आपल्या वारली पाड्यांवर तर आजोबांचा जन्म कुठल्याच बाडात सापडत नाही, आणि शेजारच्या घराला जो रस्ता मोकळा होतो तो यांना होत नाही. या असमानतेवर वेगळं व्याख्यान व्हायला हवं.

इंग्लंडला आजीआजोबांना भेटायला मुलांना पाठवता? पोर्तुगीज पासपोर्ट आहे म्हणून नुसतं विमानात बसता येईल असं आता नाही. एप्रिल २०२५ पासून युरोपच्या पासपोर्टवाल्यांनाही आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. असे नियम बदलत राहतात. म्हणून मी म्हणते, एका मुलाची एक फाईल. त्यात प्रत्येक सहीची झेरॉक्स, तारीख, आणि ती सही का केली याच्या दोन ओळी, आपल्या भाषेत, आपल्या अक्षरात. अठराव्या वर्षी ती फाईल त्या मुलाच्या हातात द्या. त्याला कळू द्या की त्याच्या नावावर कुणी, केव्हा, कशासाठी काय ठरवलं. पटेल किंवा पटणार नाही. पण त्याला अंधारात चाचपडावं लागणार नाही.

माझ्या आजीला अशी फाईल मिळाली नव्हती. ती शेवटपर्यंत म्हणायची, "आम्ही सेलवासचे." बाकीचं तिने कधी सांगितलं नाही, आणि मीही वेळेवर विचारलं नाही. आज विचारावंसं वाटतं. १९५४ च्या त्या रात्री तिला काय वाटलं असेल, ११ ऑगस्ट १९६१ ला तिने काय स्वयंपाक केला असेल, आपण कुणाचे झालो हे तिला कुणी सांगितलं असेल का.

खाली दाराशी टेबलावर मी काही कोऱ्या फायली आणून ठेवल्या आहेत, जाताना दर मुलामागे एक न्या. उद्या रविवार. सकाळी दहा ते एक मी इथेच, वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसणार आहे. कागद घेऊन या, जुने उतारे घेऊन या, ट्रंकेतले पासपोर्ट घेऊन या. फी नाही. फक्त एक करा. ज्या मुलाच्या नावावर सही करायची आहे, त्यालाही बरोबर घेऊन या.